डाउनहिल सायकलची फ्रेम साइज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाउनहिल सायकल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगात खाली यायची सायकल, घ्यायची ठरली की ब्रेक, फोर्क आणि टायर यांवर महिनाभर खल होतो. साइज मात्र शेवटच्या पाच मिनिटांत "मीडियम चालेल ना?" म्हणून उरकली जाते. मग सायकल घरी येते आणि खालच्यासारखे प्रश्न सुरू होतात. सोपे आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी उंची ५ फूट ८ इंच आहे. मीडियम घेऊ की लार्ज?

बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात तुम्ही मीडियममध्ये बसता. पण हे उत्तर अर्धंच आहे. पूर्ण उत्तर अक्षरात नाही, मिलिमीटरमध्ये असतं. ५ फूट ८ इंच म्हणजे साधारण १७३ सेंमी. या उंचीला आजच्या डाउनहिल फ्रेममध्ये ४४० ते ४५५ मि.मी. रीचपासून बघायला सुरुवात करावी. उंची १६५ सेंमीच्या आसपास असेल तर ४२० ते ४३५, १८० च्या आसपास ४६० ते ४७५ आणि १८८ च्या पुढे ४८५ ते ५०५.

हे आकडे शर्टाच्या कॉलरवरच्या नंबरासारखे आहेत. कोणता शर्ट आधी अंगाला लावून बघायचा एवढंच त्यातून कळतं. रीच म्हणजे काय हे माहीत नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

२. रीच आणि स्टॅक म्हणजे नेमकं काय?

क्रँक (पेडलचा दांडा) जिथे फिरतो तो मध्यबिंदू म्हणजे बॉटम ब्रॅकेट. तिथून सरळ वर एक उभी रेघ कल्पून घ्या. हेड ट्यूबच्या (हँडलखालची, जिच्यात फोर्क बसतो ती फ्रेमची नळी) वरच्या टोकाचा मध्य त्या रेघेच्या आडवा किती पुढे आहे, तो रीच. तोच मध्य बॉटम ब्रॅकेटच्या उभा किती वर आहे, तो स्टॅक. पेडलवर उभं राहिल्यावर पायांपासून हात किती पुढे आणि किती वर जाणार हे या दोन आकड्यांवरून कळतं. यात सीटचा संबंध कुठेच येत नाही, आणि डाउनहिलला नेमकं तेच हवं असतं, कारण उतारावर कुणी सीटवर बसून जात नाही.

३. पूर्वी १७ इंची, १९ इंची अशी फ्रेम मिळायची. आता तो आकडा बघायचा नाही का?

तो सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, लांबीचा आकडा होता. बसून पेडल मारायच्या सायकलला तो उपयोगी पडतो, पाय नीट सरळ होतो की नाही ते त्यावरून ठरतं. डाउनहिल फ्रेमला सीट ट्यूब मुद्दाम आखूड असते. कित्येक मॉडेलमध्ये स्मॉल आणि लार्ज यांच्या सीट ट्यूबमध्ये नाव घेण्याइतका फरकही नसतो. सीट तळाशी असते. वळणात मांडी टेकवायला आणि सायकल तिरकी करताना अंदाज यायला ती कामाला येते. तेव्हा हा आकडा सोडून द्या.

इफेक्टिव्ह टॉप ट्यूबचा, म्हणजे सीटपासून हेड ट्यूबपर्यंतच्या आडव्या अंतराचा, आकडाही तसाच. तो बसल्यावरचा आहे.

४. एका कंपनीचा लार्ज आणि दुसरीचा लार्ज यांत फरक का असतो?

कारण ही अक्षरं कुठल्याही मापाशी बांधलेली नाहीत. एकीचा लार्ज ४५५ चा, दुसरीचा ४७५ चा, आणि दोघींच्या तक्त्यात तुमच्या उंचीसमोर लार्जच लिहिलेलं. स्पेशलाइज्डसारख्या कंपनीने डेमो या आपल्या डाउनहिल मॉडेलसाठी एस२, एस३, एस४ अशी नावं वापरली. त्यामागचा विचार हाच, की उंचीपेक्षा सायकल किती लांब हवी त्यावरून माणसाने निवड करावी. स्टिकर काहीही असो, कंपनीच्या जॉमेट्री (फ्रेमची मापं आणि कोन) तक्त्यातले रीच आणि स्टॅक वहीत उतरवून घ्या. तुलना त्या दोन आकड्यांची करायची.

५. दोन सायकलींपैकी जिचा रीच जास्त तीच मला आखूड वाटली. हे कसं?

तुमच्या अंगाने बरोबर सांगितलं. रीच एकटा बघितला की हमखास फसगत होते.

एक फ्रेम घ्या: रीच ४५०, स्टॅक ६३०. दुसरी: रीच ४७०, स्टॅक ६१०. कागदावर दुसरी २० मि.मी.ने लांब, म्हणजे जवळजवळ एक साइज मोठी. आता बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर काढा. शाळेतला काटकोन त्रिकोण. पहिलीचं येतं ७७४, दुसरीचं ७७०. "मोठी" सायकल पाय ते हात या अंतरात कणभर लहानच निघाली! तुम्ही उभे राहता तेव्हा शरीराला जाणवतं ते हे तिरकं अंतर.

त्यातही एक मेख आहे. दुसऱ्या सायकलला स्टॅक कमी, म्हणजे हँडल खाली. तुम्ही ते वर आणायला स्पेसर (हँडलखाली बसणाऱ्या कड्या) घालणार. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्पेसर घातला की हँडल वर जातं तसं मागेही येतं. हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन) ६३ अंशांचा असेल तर २० मि.मी. स्पेसरने हँडल सुमारे १८ मि.मी. वर आणि ९ मि.मी. मागे सरकतं. लांब म्हणून घेतलेल्या सायकलचा निम्मा लांबपणा तिथेच संपला. म्हणून दोन फ्रेमची तुलना करायची तर आधी हँडलची उंची सारखी धरायची आणि मग रीच बघायचा.

६. मी दोन साइजच्या बरोबर मध्ये येतो. लहान घेऊ की मोठी?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि एका शब्दात उत्तर मागणाऱ्यांची निराशा होते.

मोठी सायकल सरळ, वेगवान, खडकाळ उतारावर शांत राहते. व्हीलबेस (दोन चाकांच्या अक्षांमधलं अंतर) लांब असल्यामुळे दगडावर आदळली तरी ती पुढेमागे कमी डोलते. अंगाची हालचाल थोडी चुकली तरी पोटात घालते. मात्र अरुंद, गिरक्या घेणाऱ्या वळणात ती फिरवायला जोर लागतो, पुढचं चाक उचलायला आणखी लागतो, आणि सपाट वळणात पुढच्या चाकावर मुद्दाम वजन टाकावं लागतं. लहान सायकल याच्या उलट. उडवायला, वळवायला मजा, पण वेग वाढला की ती सतत काहीतरी विचारत राहते आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून आधी ट्रॅक बघा. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमसारखा उघडा, दगडांनी भरलेला, वेगवान ट्रॅक तुमच्या नशिबी असेल तर मोठी. बाइक पार्कात बर्म (बाहेरच्या बाजूला उंच बांधलेली वळणं) आणि उड्यांवर दिवस घालवणार असाल तर लहान. दोन्ही थोडं थोडं असेल आणि तुम्ही नवखे असाल तर माझा कल लहानकडे आहे. जाणकारांतले बरेच जण इथे मोठी घ्यायला सांगतील.

माझं कारण अनुभवाचं आहे. माझी पहिली डाउनहिल सायकल एक साइज मोठी होती. विकणारा म्हणाला, सवय होईल. सवय झाली, पण ती हात सरळ ठेवून मागे लोंबकळायची. पुढची सायकल योग्य मापाची आली तरी ती खोड जायला अख्खा मोसम गेला.

७. उंची मध्यम आहे, पण हात लांब आहेत. मोठी साइज घ्यावी का?

हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. हे माप उंचीपेक्षा चार-पाच सेंमीने जास्त भरलं तर मधल्या साइजच्या पेचात मोठीकडे झुकायला हरकत नाही. उंचीपेक्षा कमी भरलं तर लहानकडे. पाय लांब आणि धड आखूड असेल तर मात्र रीच वाढवण्याआधी हँडल वर घ्या. लांब पायांवर कंबर उंच राहते, आणि हँडल खाली असलं की सगळं वजन तळहातांवर येतं.

८. दुकानात सायकल उभी आहे. तिथल्या तिथे काय तपासू?

बसून हँडल धरू नका, त्यातून काहीच कळत नाही. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, किंवा मोकळ्या जागेत हळू चालवा. दोन्ही पेडल आडवी करून उभे राहा. टाचा खाली, गुडघे सैल, कमरेत वाका, छाती स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) वर आणा, कोपरं बाहेर. नजर पुढे.

आता बघा. कोपरं आपोआप वाकलेली राहतात का? या स्थितीतून छाती आणखी खाली नेता येते का, आणि हात पूर्ण ताठ न होता कंबर मागे जाते का? दोन्हीकडे जागा उरली पाहिजे. नंतर हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. गुडघा ग्रिपला किंवा ब्रेकच्या लिव्हरला लागत असेल तर सायकल लहान आहे. बाहेरचा हात ताणून खांदा ओढला जात असेल तर मोठी.

हे करताना टायरची हवा आणि शॉकचा (मागच्या सस्पेन्शनचा) सॅग, म्हणजे तुम्ही उभे राहिल्यावर तो किती दबतो ते, तुमच्या वजनाला लावून घ्या. लावून देत नसतील तर त्या चाचणीवर फार विसंबू नका. का ते प्रश्न १७ मध्ये आहे.

९. सायकल घेऊन झाली. साइज चुकली हे ट्रेलवर कसं ओळखायचं?

मोठी असेल तर सपाट वळणात पुढचं चाक सुळकन बाहेर निसटतं. मॅन्युअल (पेडल न मारता पुढचं चाक उचलून धरणं) करताना चाक जेमतेम हवेत येतं आणि आपटतं. तीव्र उतारावर हात ताठ होतात, मग पुढच्या चाकाचा प्रत्येक हिसका थेट खांद्यात जातो. दिवसाअखेर कंबर दुखते.

लहान असेल तर ब्रेक दाबताच आपण हँडलवरून पुढे जाणार असं वाटतं. वजन पुढे गेलं की सायकल नाक खुपसते, मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. मधली जागा फारच अरुंद. गुडघे हँडलला लागतात. जोरात गेलं की सायकल थरथरते.

यांतली बरीच लक्षणं चुकीच्या सस्पेन्शन सेटिंगचीही असतात. फोर्कमध्ये हवा कमी असली तरी सायकल नाक खुपसतेच. म्हणून आधी सेटिंग, मग फ्रेमला दोष.

१०. माझी एंड्युरो सायकल ४७५ रीचची आहे आणि छान बसते. डाउनहिललाही तेवढाच घेऊ?

बहुधा दहा-वीस मि.मी. कमी चालेल. एंड्युरो म्हणजे चढायला आणि उतरायला दोन्हीला वापरायची सायकल. तिची सीट ट्यूब उभी केलेली असते, म्हणजे चढताना सीट पुढे येते. बसल्यावर जागा पुरावी म्हणून तिथे रीच वाढवावा लागतो. डाउनहिलवर चढायचंच नसल्यामुळे ती गरज पडत नाही. शिवाय २०० मि.मी. ट्रॅव्हलचा (दबायच्या अंतराचा) फोर्क आणि ६२-६४ अंशांचा हेड अँगल यामुळे पुढचं चाक आधीच खूप पुढे असतं. तेच रीच ठेवलं तर व्हीलबेस एंड्युरोपेक्षा बराच लांब होतो.

११. २९ इंची, २७.५ की मिक्स? चाकामुळे साइज बदलते का?

२०१७ मध्ये फ्रान्समधल्या लूर्दच्या वर्ल्ड कपला काही संघ २९ इंची चाकं घेऊन उतरले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. दोन वर्षांत वाद शमला. २०१९ मध्ये यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं चालतील असं केलं आणि मिक्स सायकली शर्यतीत आल्या.

साइजच्या दृष्टीने दोन गोष्टी. उंची कमी असेल तर मागचं २९ इंची चाक तीव्र उतारावर कंबर मागे नेताना अक्षरशः बुडाला लागतं. अशांना मागे २७.५ असलेली मिक्स सायकल मोकळी वाटते. आणि जी फ्रेम दोन्हीकडे २९ साठी बनली आहे तिला घरच्या घरी मागे २७.५ लावू नका. रिमच्या व्यासात ३८ मि.मी. फरक आहे, म्हणजे मागचा अक्ष १९ मि.मी. खाली येतो. व्हीलबेस १२५० धरला तर हेड अँगल जवळजवळ ०.९ अंशाने कलतो, बॉटम ब्रॅकेट १२ मि.मी.च्या आसपास खाली जातं, आणि रीच नऊ-दहा मि.मी.ने घटतो. लार्ज घेतलेली सायकल मीडियमकडे सरकली, वर पेडल दगडांना घासायला लागलं. कंपनीने त्यासाठी फ्लिप चिप (उलटवून जॉमेट्री बदलता येणारा छोटा तुकडा) किंवा मागच्या सस्पेन्शनची वेगळी लिंक दिली असेल तर गोष्ट वेगळी.

१२. साइज थोडी चुकली आहे. सुटे भाग बदलून भागेल का?

अर्ध्या साइजपर्यंत भागतं. पुढे ओढाताण होते.

डायरेक्ट माउंट (फोर्कवर थेट बसणारे) स्टेम साधारण ४० ते ५० मि.मी.चे मिळतात. सायकल मोठी वाटत असेल तर आखूड, लहान वाटत असेल तर लांब. पण हे फ्रेमची लांबी बदलणं नव्हे, हात चाकाच्या तुलनेत कुठे आहेत ते बदलणं आहे. हँडलबार ८०० मि.मी. रुंद येतो. खांदे अरुंद असतील तर दोन्ही टोकांना पाच-पाच मि.मी. असा कापत जा. रुंद हँडल छातीला पुढे आणि खाली ओढतं, त्यामुळे कापल्यावर मोठी सायकलही आटोपशीर वाटते. एकदम तीस कापून पस्तावलेले बरेच आहेत. कापलेलं परत जोडता येत नाही.

हेड ट्यूबचा व्यास पुरेसा असेल तर रीच बदलणारे हेडसेट कप (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या वाट्या) मिळतात, पाच ते आठ मि.मी. पुढे किंवा मागे. माझ्या मते हा सर्वांत प्रामाणिक उपाय, कारण यात खरोखर फ्रेमचा रीच बदलतो.

ड्युअल क्राउन फोर्कच्या नळ्या क्राउनमधून (नळ्या पकडणारे वरचा आणि खालचा असे दोन आडवे तुकडे) वर सरकवून पुढची बाजू खाली घेता येते. १० मि.मी. सरकवल्यास हेड अँगल सुमारे ०.४ अंशाने उभा होतो आणि रीच चार-पाच मि.मी. वाढतो. पण फोर्क पूर्ण दबल्यावर टायर खालच्या क्राउनला लागता कामा नये. कंपनीने दिलेली मर्यादा पाळा आणि हवा काढून, फोर्क पूर्ण दाबून डोळ्यांनी खात्री करून घ्या. वेगात टायर क्राउनला अडकला तर चाक जागीच थांबतं. तुम्ही थांबत नाही.

१३. उंच माणसाने चेनस्टेकडे लक्ष द्यायला हवं असं म्हणतात. का?

चेनस्टे म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या अक्षापर्यंतचं अंतर. बॉटम ब्रॅकेटपासून मागचा अक्ष ४४० आणि पुढचा ८१० मि.मी. दूर आहे असं धरा. पेडलच्या बरोबर वर उभं राहिलं तर पुढच्या चाकावर साधारण ३५ टक्के वजन येतं. एक्स्ट्रा लार्जमध्ये पुढचं अंतर ८७० झालं आणि मागचं ४४० च राहिलं, तर ते ३३.६ टक्क्यांवर उतरतं. ऐकायला किरकोळ आहे, पण सपाट वळणात पुढचा टायर धरतो की सुटतो ते एवढ्यावरच ठरतं. मूळ वाटणी परत आणायला चेनस्टे ४७० च्या वर न्यावा लागेल. इतका क्वचितच मिळतो. म्हणून साइजनुसार चेनस्टे वाढवणारी किंवा मागचा अक्ष सरकवता येणारी फ्रेम उंच माणसाने आधी बघावी. बुटक्या माणसाला याच कारणाने आखूड चेनस्टे मानवतो.

१४. २०१० च्या आसपासची लार्ज सेकंडहँड मिळतेय. घेऊ?

त्या काळच्या लार्जचा रीच बरेचदा आजच्या स्मॉलइतका असतो. तेव्हा स्टेम लांब आणि फ्रेम आखूड असत. मग २०१२ च्या सुमारास मोंड्रेकर या कंपनीने उलटा प्रयोग केला, पुढची बाजू लांब आणि स्टेम अगदी आखूड, आणि हळूहळू बाकीचेही त्या वाटेने गेले. त्यामुळे जुन्या स्टिकरवर जाऊ नका.

जॉमेट्रीचा तक्ता सापडत नसेल तर मोजा. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करून मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत आडवं अंतर घ्या, मग हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत. वजाबाकी म्हणजे रीच. फरशीपासून उंच्यांची वजाबाकी म्हणजे स्टॅक. टेप आडवी धरायची, तिरकी गेली की आकडा फुगतो. आणि फोर्क मूळच्याच लांबीचा आहे ना, तेही विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

१५. मुलगा तेरा वर्षांचा आहे, उंची झपाट्याने वाढतेय. एक साइज मोठी घेऊन ठेवू?

शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे लावू नका. मोठ्या सायकलवर त्याचं वजन मागे राहतं आणि नेमकं शिकायच्या वयात चुकीची ढब बसते. आज बरोबर बसणाऱ्या मापाच्या वरच्या टोकाला असलेली फ्रेम घ्या, रीच बदलणारे कप बसत असतील तर उत्तम. सुरुवातीला कप मागे, हँडल थोडं कापलेलं, स्टेम आखूड. वाढला की कप पुढे. ब्रेकचे लिव्हर आत घेऊन त्याची बोटं पोचतात का हेही बघा, साइजइतकंच ते महत्त्वाचं आहे.

१६. बायकांसाठी वेगळी साइज असते का?

फ्रेमचं गणित तेच. वजन कमी असेल तर शॉकची स्प्रिंग आणि हात लहान असतील तर ग्रिपची जाडी बदलावी लागते. हे हलक्या पुरुषालाही लागू आहे.

१७. सगळं मोजून घेतलं, तरी सायकल लांब किंवा आखूड वाटते. आता काय?

सॅग मोजा. डाउनहिलला मागे साधारण ३० टक्के सॅग ठेवतात. शॉकचा स्ट्रोक (तो पूर्ण दबतो ते अंतर) ७५ मि.मी. असेल तर हेल्मेट आणि पॅडसकट पेडलवर उभं राहिल्यावर तो साधारण २२ मि.मी. दबला पाहिजे. आता समजा स्प्रिंग मऊ आहे आणि सॅग ४० टक्क्यांवर गेला. २०० मि.मी. ट्रॅव्हलला मागची बाजू आणखी २० मि.मी. खाली बसली. प्रश्न ११ मधलं लहान चाकाचं गणित आठवा. जवळपास तेवढाच परिणाम इथे होतो. सायकल मागे कलते, हात दहा मि.मी. मागे येतात, पुढचं चाक हलकं पडतं. लोक तेव्हा लांब स्टेम शोधत बसतात, आणि दोष असतो स्प्रिंगचा.

सॅग बरोबर निघाला तर हँडलबार स्टेममध्ये किती फिरवला आहे ते बघा. तो मागे लोळवलेला असला की कोपरं खाली पडतात आणि सायकल आखूड वाटते. बदल एका वेळी एकच करा आणि त्याच ट्रॅकवर, त्याच टायरच्या हवेत तीन-चार फेऱ्या मारा. मूळ जागेवर मार्करने बारीक खूण करून ठेवली की परत यायला सोपं जातं.